त्या पंचवीस मिनिटांचा गोलकीपर

"तुम्हाला कन्कशन झालंय," मॅडम म्हणाल्या. त्यावर मी विचारलं, "मॅच किती वाजता आहे?"

हे मला आठवत नाही, बायकोनं सांगितलं. मॅडम म्हणजे मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी माझा प्रश्न कागदावर लिहून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मी पुन्हा मॅचची वेळ विचारली. तिसऱ्या खेपेला कुठं ते माझ्या डोक्यात शिरलं. माझी आठवण तिथून सुरू होते. हिरवा पडदा, हाताला सुई, आणि शेजारी मनीषा, माझी बायको, माझे मातीनं भरलेले बूट पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर धरून बसलेली. संध्याकाळचे सात वाजले होते. माझ्या मते अजून दुपारचे साडेचारच झाले होते.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मॅडमनी ते सोपं करून सांगितलं. "डब्यात दही घेऊन गाडीवर निघालात आणि गाडी खड्ड्यात आदळली. डब्याला पोचा नाही, पण आतलं दही मोडलेलं असतं. तुमचं तसं झालंय." माझा सीटी स्कॅन आधीच झाला होता. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे काप केल्यासारखे फोटो. कवटी फुटली का, आत रक्त साचलं का, ते त्यात कळतं. माझा स्कॅन नॉर्मल होता. मी लगेच म्हणालो, "मग झालं की. काहीच नाही." मॅडम म्हणाल्या, "डबा ठीक आहे एवढंच स्कॅन सांगतो. दही मोडलंय का, हे त्याला दिसत नाही."

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांच्या पार्टचं गेज लावून माप घ्यायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर लाल पेटीत, हे माझं सतरा वर्षांचं काम. कुठल्याच गेजला न सापडणारा दोष आपल्या डोक्यात आहे म्हटल्यावर मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला भलतीच उत्सुकता लागली. भ्यायचं काम मनीषा करत होती, आणि तिला ते दोघांच्या वाटचं करावं लागलं.

आता झालं काय ते सांगतो. यातलं निम्मं मी गोळा केलेलं आहे, कारण मी तिथं असूनही नव्हतो.

आमची कॉलनीची टीम आहे. पंचवीस ते चाळीस वयाची माणसं, कुणी कंपनीत, कुणी दुकानात, एक तलाठी. रविवारी खेळतो, उन्हाळ्यात सातासातांच्या स्पर्धा असतात. मी अडतीस वर्षांचा, बचावाला खेळतो आणि कॅप्टन आहे. कॅप्टन कशावरून, तर सगळ्यांच्या जर्सी माझ्या घरी धुतल्या जातात यावरून.

आमच्याकडं एक पद्धत आहे. गल्लीत खेळलेल्या कुणालाही ती ठाऊक असेल. एखाद्याला लागलं तर त्याला बाहेर काढत नाहीत, गोलात उभं करतात. पाय मुरगळला, जा गोलात. पोटात गोळा आला, जा गोलात. तिथं पळावं लागत नाही, म्हणून तो आराम, आणि मूळचा गोलकीपर पुढं येऊन पळतो. सातातला एक गेला की सहाच राहतात, आणि आमचा बदली खेळाडू बहुतेक वेळा लग्नाला गेलेला असतो.

त्या रविवारी सेमी फायनल होती. हाफटायम व्हायला थोडा वेळ होता आणि त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल वरून येताना मला दिसला, तो अजून दिसतो. मी उडी मारली. पुढं काही नाही. त्यानंतरचं एकच चित्र माझ्याकडं आहे, रसवंतीवर माझ्या हातात अर्धा ग्लास रस आहे आणि त्यात बर्फ नाही. मग पुन्हा काही नाही, थेट हिरवा पडदा.

मधल्या काळात मी दुसरा हाफ पूर्ण खेळलो होतो. पंचवीस मिनिटं, गोलात. वर एक पेनल्टीही अडवली होती, आणि त्या जोरावर आम्ही फायनलला गेलो होतो. अडतीस वर्षांत माझी सगळ्यात गाजलेली कामगिरी, आणि नेमका मीच गैरहजर.

रसवंतीवर मी बाळूला, आमच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूला, विचारलं म्हणे, "मॅच कवा हाय रे?" सगळे हसले. मग मला उलटी झाली, तर म्हणाले ऊन लागलं. बाळूनं मला गाडीवर घरी आणलं. दारात मी मनीषाला विचारलं, "दादा आले का?" दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मनीषा हसली नाही. तिनं मला पुन्हा गाडीवर बसू दिलं नाही, शेजाऱ्यांची रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात नेलं. टीममधल्या सगळ्या शहाण्यांपेक्षा जास्त अक्कल त्या दिवशी त्या एका बाईला होती, हे मी इथं लिहून ठेवतो. घरी बोलत नाही.

मला रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं आणि सकाळी सोडलं. सोडताना मॅडमनी मनीषालाच समोर बसवून सांगितलं, कारण माझ्यावर भरवसा नव्हता. डोकं वाढत्या पटीनं दुखायला लागलं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोपेतून उठवता येईना, बोलणं जड झालं, हात किंवा पाय लुळा पडला, आकडी आली किंवा एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर फोनबिन करत बसायचं नाही, थेट यायचं. वाचणाऱ्यांनो, हे एवढं तुम्हीही ध्यानात ठेवा. बाकी माझं पुराण विसरलात तरी चालेल.

पहिले दोन दिवस मोबाईल नाही, टीव्ही नाही, कामावर जाणं नाही. मला वाटलं होतं, सुट्टीच की. पण खिडकीचा उजेड डोळ्यांत टोचायचा. डोकं दुखायचं ते कानशिलापासून मागं मानेपर्यंत. बोलता बोलता शब्द हरवायचा. "ते आण ते, पाणी प्यायचं," असं म्हणून मी तांब्याकडं बोट दाखवायचो. आणि राग असा यायचा की माझा मलाच ओळखू येईना. बुधवारी मी कुकरच्या शिट्टीवर ओरडलो. मनीषावर नाही, शिट्टीवर.

शुक्रवारी तपासणीला गेलो. पुढच्या रविवारी फायनल होती आणि बाळूचे फोन मनीषाच्या मोबाईलवर येत होते. मला खेळायचं होतं, लपवत कशाला. वेटिंगमध्ये बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं होतं की डोकं दुखत नाही म्हणायचं.

मॅडमनी मला एका पायावर उभं केलं. एका रेषेत टाचेला चवडा लावून चालवलं. मग म्हणाल्या, "वर्षाचे महिने उलटे सांगा." मी म्हणालो, "मराठी का इंग्रजी?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला येतील ते." मी रुबाबात सुरू केलं, फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आणि तिथं गाडी रुतली. दिवाळीच्या मागं काय असतं ते काही केल्या सापडेना. मॅडम हसल्या. "हे तर ठणठणीत माणसालाही जमत नाही. इंग्रजी सांगा." इंग्रजीत मी सप्टेंबरनंतर जून म्हणालो. मग त्या हसल्या नाहीत.

"डोकं दुखतं?"

"नाही."

"परवा कुकरवर धावून गेले होते," मनीषा म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, कधीच खेळू नका असं मी म्हणत नाही. लागलं त्या दिवशी पुन्हा मैदानात जायचं नाही, आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत जायचं नाही, एवढंच म्हणते. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदू अचानक सुजू शकतो. त्याला सेकंड इम्पॅक्ट म्हणतात. क्वचित होतं. पण होतं तेव्हा आम्हाला काही करायला वेळ मिळत नाही. तुम्ही त्या दिवशी पंचवीस मिनिटं तसेच उभे होतात. एखादा बॉल डोक्यावर बसला असता तर?"

खरं तर मला विचारायचं होतं, की पेनल्टी अडवली त्याचं काय? ज्याचं दही मोडलंय त्याला ते कसं जमलं? पण मनीषा पर्समधून पेन काढून 'सेकंड इम्पॅक्ट' हे शब्द कागदावर लिहून घेत होती. मग नाही विचारलं.

फायनल माझ्याविना झाली आणि आम्ही तीन-एकनं हरलो. बाळू भेटायला आला तेव्हा त्याचं तोंड पडलेलंच होतं. "तुमी असते तर कप आपला होता, कॅप्टन. निस्तं गोलात उभं राहायचं होतं."

"बाळू, त्या दिवशी मी नक्की काय काय केलं, सांग."

मी कारखान्यातली एक जुनी वही काढली होती आणि तिच्यात प्रश्न लिहिले होते. मला कुणी मारलं यात मला रस नव्हता. त्या पंचवीस मिनिटांत माझ्या अंगात कोण होतं, हे मला हवं होतं. बाळूनं आठवेल ते सांगितलं. माझी टक्कर त्यांच्या फॉरवर्डशी झाली, डोक्याला डोकं. त्याची भुवई फुटून रक्त आलं, म्हणून सगळे त्याच्याकडं धावले आणि त्याला टाके घालायला नेलं. तो आज ठणठणीत आहे. मला रक्त नव्हतं, म्हणजे मला काही झालं नव्हतं. माझ्या डोक्यावर आमच्या पोरांनी दुखऱ्या पायावर मारतात तो थंड स्प्रे मारला, केसांवरून. वा रे इलाज. मी स्कोअर विचारला, सांगितला, पुन्हा विचारला. "आमाला वाटलं तुमी टेन्शनमध्ये हाय."

"आणि मला गोलात कुणी पाठवलं?"

बाळूनं खिशातला मोबाईल चाचपला. मग म्हणाला, "माझ्या मेव्हण्यानं शूटिंग केलंय. तुमीच बघा."

मोबाईलच्या उजेडानं अजून डोकं दुखायचं, म्हणून ते बघायची परवानगी मला पंधराव्या दिवशी मिळाली, तीही पाच मिनिटं. मोबाईलवर मी दिसतो, कमरेवर हात ठेवून उभा. बाळूचा आवाज येतो, "कॅप्टन, बाहेर जाता का?" आणि माझा आवाज, अगदी नेहमीचा, थोडा वैतागलेला, "मला काय धाड भरली? मी ठीक हाय. मी गोलात जातो." माझ्यावर विश्वास न ठेवायला काही कारणच दिसत नाही. मीसुद्धा ठेवला असता.

मग पेनल्टी. मी त्याबद्दल इतकं ऐकलं होतं. कॅप्टन काय हिमतीचा, जागचा हलला नाही, अखेरपर्यंत डोळ्यांत डोळे घालून उभा राहिला. शूटिंगमध्ये मी हललो नाही हे खरं आहे. पण मी मारणाऱ्याकडं बघतच नव्हतो. मी कडुलिंबाच्या झाडांकडं बघत होतो. त्यानं, गोलकीपर बाजूला झेपावणार या हिशोबानं, बॉल सरळ मधोमध मारला आणि तो माझ्या छातीवर येऊन आपटला. मी बॉलकडं असं बघितलं, जसं दारात आलेल्या अनोळखी माणसाकडं बघतात. मग सगळे येऊन मला बिलगले आणि कौतुकानं माझ्या डोक्यावर टपल्या मारायला लागले. मी मोजल्या. सात.

मी मोबाईल पालथा ठेवला. मला भीती वाटली. पण ती भीती टपल्यांची नव्हती. मला एक जुनी गोष्ट आठवली होती.

चार वर्षांपूर्वी आमच्यात रफीक खेळायचा. मूळचा खुलताबादचा, इथं एका टेलरकडं कामाला. एका मॅचमध्ये त्याचं डोकं गोलच्या खांबावर आदळलं. तो उठला, म्हणाला ठीक आहे, आणि मी त्याला गोलात उभं केलं. त्यानं दोन साधे गोल खाल्ले. मी त्याला सगळ्यांदेखत शिव्या दिल्या. पुढं महिनाभर तो डोकं दुखतं म्हणून आला नाही, तेव्हा मी त्याला नाटक्या म्हणायला लागलो. टीमनं ते नाव उचललं. मग तो यायचाच बंद झाला, आणि आम्ही दुसरा गडी शोधला.

गाडी चालवायला मला अजून बंदी होती. चौथ्या आठवड्यात एसटीनं खुलताबादला गेलो. दौलताबादच्या घाटात वळणावळणाला पोटात ढवळत होतं, तरी उतरलो नाही. रफीकनं आता तिथंच शिलाईचं दुकान टाकलंय. त्यानं मला बघितलं, मशीन थांबवलं आणि स्टूल पुढं केलं. चहा सांगितला. मी माझं सगळं सांगितलं, तो ऐकत राहिला.

"कॅप्टन, मेरेकू वो मॅच यादच नै," तो म्हणाला. "लोगां बोले मैं दो गोल खाया. मैं बोला, खाया होंगा."

पुढचं त्यानं हसत हसत सांगितलं. सहा महिने त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता. उजेडात डोळे फुटायला यायचे, मशीनच्या आवाजानं डोकं भणभणायचं. दोनदा मापं चुकवली म्हणून मालकानं काढून टाकलं. डॉक्टरकडं तो गेलाच नाही. "सब बोलते थे नाटक करता. मेरेकूबी लगा, शायद करताच हूँगा."

"रफीक, तुला नाटक्या म्हणायचो ते आठवतं?"

"वो तो याद है ना. वो बाद का है."

मी म्हणालो, "माझं चुकलं." एवढंच बोलता आलं, आणि माझे डोळे भरून आले. कन्कशनमध्ये रडू लवकर येतं असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण हे ते नव्हतं. रफीकनं टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला. "चाय पियो, थंडा होरा," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. कारखान्यात आमचा एक नियम आहे. ज्यानं पीस बनवला त्यानं तो पास करायचा नाही. तो कितीही जुना, कितीही प्रामाणिक असो. तो खोटं बोलेल म्हणून नव्हे, त्याला आपला पीस चांगलाच दिसतो म्हणून. सतरा वर्षं मी हा नियम दुसऱ्यांना शिकवतो. आणि रविवारी मैदानावर आम्ही काय करत होतो, तर ज्या डोक्याला मार बसलाय त्याच डोक्याला विचारत होतो, की बाबा तू ठीक आहेस का?

मी बरा झालो. पहिल्यांदा नुसतं चालणं, मग हळू पळणं, मग बॉल, मग टीमबरोबर सराव, आणि हेडिंग सगळ्यात शेवटी. एका पायरीवर डोकं दुखलं की एक पायरी मागं. पळण्याच्या पायरीवरून मी दोनदा मागं आलो. मॅडमनी मॅच खेळायला हो म्हटलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, आणि मी इंग्रजी महिने उलटे घडाघडा म्हणत होतो. मराठी अजून जमत नाहीत.

खेळण्याआधी मी परत खुलताबादला गेलो. रफीकला म्हणालो, तू खेळू नकोस, पण रविवारी लाइनवर उभा राहा. कुणाचं डोकं आपटलं की तो ठीक आहे का हे त्याला विचारायचं नाही, तू ठरवायचं, आणि शंका आली तरी बाहेर काढायचं. गोलाची पद्धत बंद. त्यानं हातातलं कापड कापून पुरं केलं. मग म्हणाला, "मेरी बात आखरी रहेंगी? तुमकूबी निकालूँ तो?"

"मलाही," मी म्हणालो. बोलायला काय जातंय.

जानेवारीत तो दिवस आला. आम्ही एकनं पुढं होतो, शेवटची दहा मिनिटं उरली होती. त्यांच्या एकानं मारलेला बॉल जवळून माझ्या कानशिलावर बसला. मी खाली पडलो आणि लगेच उठलो. मला मैदान दिसत होतं, स्कोअर माहीत होता, वार, तारीख, बॉल मारणाऱ्याचा जर्सी नंबर, सगळं माहीत होतं. मी ठीक होतो. रफीक लाइनवरून, बाहेर ये म्हणून, लाल कापडाचा तुकडा हलवत होता.

मी त्याला हातानं बस म्हणालो. तो बसला नाही. मी ओरडलो, "मी ठीक हाय रे!" तो मैदानात आला, माझा दंड धरला आणि मला बाहेर घेऊन गेला. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. नाटक्या सोडून सगळं बोललो. आमचे सहा जण उरले, शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही दोन गोल खाल्ले आणि हरलो. बाळूनं बूट काढून भिरकावला. मी रफीकशी न बोलता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तपासलं. एक पाय, रेषेवर चालणं, महिने, सगळं. काही झालेलं नव्हतं. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच रफीकला फोन लावला आणि म्हणालो, "ऐकलंस? मी ठीक होतो. मी तुला सांगत होतो की मी ठीक आहे."

तिकडं मशीन चालू होतं, ते थांबलं.

"अच्छा हुआ ना, कॅप्टन," रफीक म्हणाला. "ठीक आदमीकू बाहर बिठाया, तो एक मॅच गयी. बस, उतनाच."

मशीन पुन्हा सुरू झालं. मी तिथंच पायरीवर बसलो. मनीषा फायली घेऊन मागून येत होती, तिनं विचारलं काय झालं. मी म्हणालो, काही नाही, या आठवड्यात एक जर्सी जास्त धुवायची आहे, रफीकची.